सावडीचं इंग्रजी

अमडापूरच्या पलीकडे दोन कोसांवर एक गाव आहे. त्याचं नाव मी सांगणार नाही. तिथली माणसं नावावरून भांडायला उठतात, आणि या गोष्टीत दुखणं आधीच पुरेसं आहे. काळ तो, जेव्हा आपलं वऱ्हाड मध्यप्रांताच्या जोडीनं नागपूरहून हाकलं जात होतं. कचेरीत इंग्रजी येणाऱ्याला खुर्ची मिळे आणि न येणाऱ्याला बाहेर उन्हात उभं राहावं लागे. त्यामुळे गावोगावच्या कास्तकारांना एकच वेड लागलं होतं. आपल्या घरात एकाला तरी इंग्रजी आलंच पाहिजे.

पुंजाजी त्या गावच्या मराठी शाळेत दुय्यम मास्तर होता. चिखलीला इंग्रजी शिकत असतानाच त्याचा बाप उकंडराव वारला आणि शिक्षण तिथंच थांबलं. पण इंग्रजी काही त्याच्या डोक्यातून गेलं नाही. कुणाला भजनाचा नाद असतो, कुणाला तमाशाचा. याला इंग्रजी वाक्यं जोडण्याचा होता. पुस्तकात धडा असे, की खाली दोन-तीन सुटी वाक्यं दिली आहेत, त्यांचं एक करा. त्या धड्याच्या दिवशी वर्गातली निम्मी मुलं पोट दुखतं म्हणून घरी राहत. पुंजाजी मात्र घरी जाताना वाटेतल्या बाभळींवर, मेंढरांवर, दिसेल त्या माणसावर सुटी वाक्यं करी आणि ती जोडत जोडत गाव गाठी. एवढ्या भांडवलावर त्यानं एकच स्वप्न धरलं होतं. गावात इंग्रजीचा वर्ग निघावा आणि त्या वर्गाचा मास्तर आपण व्हावं.

वर्ग निघणार हे जवळजवळ ठरलेलंच होतं. गावचे मोठे जमीनदार भगवंतराव चावडीवर चारचौघांत सांगत, "मॅट्रिक झालेला मास्तर भेटू द्या, दुसऱ्या दिवशी वर्ग उघडतो. खोली माही, पगार माहा." असा मास्तर काही भेटत नव्हता. शहरातला कोणी त्या धुळीत यायला तयार नव्हता आणि गावात कोणी मॅट्रिक झालेला नव्हता. पुंजाजीला बाहेरून परीक्षेला बसता आलं असतं, पण मध्ये गणित आडवं पडलं होतं. बीजगणित दिसलं की त्याच्या तोंडचं पाणी पळे.

आणि गणित ज्याच्या डाव्या हातचा मळ, तो इंद्रभान त्याच्या शेजारीच राहत होता. इंद्रभान बुलढाण्याला हायस्कुलात शिकून आलेला. हिशोब म्हणाल तो तोंडी करी, पण मॅट्रिकच्या इंग्रजीत मात्र प्रत्येक वेळी आपटे. शेवटी कंटाळून घरी येऊन बसला होता आणि शेती बघत होता.

या दोन घरांत आजोबांपासून सावड होती. सावड म्हणजे काय, ते ज्याच्या गोठ्यात स्वतःची बैलजोडी असते त्याला समजावून सांगावं लागतं. या घरी एक बैल, त्या घरी एक. दोन्ही एकत्र जुंपले की जोडी झाली. एका साली आधी याचं वावर पेरायचं आणि मग त्याचं, पुढच्या साली उलटं. त्यात कागद नाही, साक्षीदार नाही, शपथ नाही. पाळी आली की दुसऱ्याचा बैल सकाळी दारात येऊन उभा राहतो, बस. उद्या येशील ना, असं सावडीत कोणी विचारत नाही. तसं विचारणं म्हणजे समोरच्याच्या बापाचा अपमान करणं.

उकंडराव तर या सावडीपायीच गेला. पेरणीच्या दिवशी त्याच्या अंगात सणसणून ताप होता. पाळी इंद्रभानच्या बापाची, कडूबाची होती. घरच्यांनी अडवलं तर म्हणाला, "पाळी त्याची हाये," आणि बैल घेऊन गेला. दिवसभर तिफण धरली, घरी येऊन अंथरुणावर पडला आणि पुन्हा उठला नाही. कडूबा तेव्हा ओक्साबोक्शी रडला होता. पुढं कडूबाही गेला. राहिली ती त्याची बायको अन्नपूर्णाबाई, आणि पुंजाजीच्या लेखी ही काकू म्हणजे दुसरी आईच होती. तिच्या चुलीवरची भाकर त्याला स्वतःच्या घरच्या भाकरीइतकीच हक्काची वाटे.

तर एका जेठ महिन्यात, वैशाखातली अखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, होऊन बरेच दिवस झाले होते तेव्हा, दोघं विहिरीवर बैलांना पाणी दाखवत होते. इंद्रभान म्हणाला, "पुंजा, आपुन शिक्षणाचीही सावड करू."

"म्हंजे?"

"यंदा माही पाळी. तू मले इंग्रजी शिकव, मी मार्चात परीक्षेले बसतो. माहं वय सरून राह्यलं बे, मंग कचेरीत कोणी उभं करणार नाही. पुढच्या साली तुही पाळी. मी तुले गणित शिकवतो, तू बस. मी तहसीलीत कारकून, तू गावात इंग्रजीचा मास्तर. जमते का नाही?"

"दोघंही एकदमच बसलो तं?"

"मंग मार्चात गहू कोन काढन? तुहा बाप का माहा?"

दोघंही हसले. दोघांचेही बाप वर गेलेले, आणि सावडीतल्या माणसांनाच अशी थट्टा परवडते.

हाच प्रस्ताव इंद्रभाननं दुसऱ्या कुठल्या शब्दात मांडला असता, तर पुंजाजीनं चार प्रश्न विचारले असते. मास्तर माणूस होता तो, अगदीच भोळसट नव्हता. पण सावड म्हटल्यावर त्याच्या डोक्यात प्रश्नच उगवला नाही. पुण्याचा माणूस असता तर त्यानं विचारलं असतं, नागपूरचा असता तर त्यानं लिहून घेतलं असतं. पुंजाजीनं बैलाच्या पाठीवर थाप मारली आणि हाव म्हटलं.

घरी बायकोला सांगितलं तर मनकर्णाबाई भाकर थापता थापता थांबली. "आधी तुमी काऊन नाही बसत?"

"त्याचं वय चाललं."

"आन् तुमचं काय थांबून हाये का?"

"तुले सावडीतलं कळत नाही," असं म्हणून पुंजाजी बाहेर निघून गेला. बायकोचं बोलणं पटलं की पुरुष असेच बाहेर निघून जातात.

त्या दिवसापासून दिवेलागणीला पुंजाजी इंद्रभानच्या ओट्यावर जाऊन बसू लागला. दोघांचे हात रिकामे नसत. शेतीला दोर लागतातच, तेव्हा अंबाडीचे दोर वळता वळता अभ्यास चाले. इंद्रभानला इंग्रजी शब्द पुष्कळ येत होते. पण तो प्रत्येक वाक्य तोडून तोडून लिही, आणि त्याचा निबंध वाचताना घरी तार आल्यासारखं वाटे. मी गेलो. पाऊस आला. मी भिजलो. छत्री नव्हती. मॅट्रिकच्या पेपरात वाक्यं जोडायचा मोठा प्रश्न येई, आणि दर वेळी तिथंच त्याचा पाय घसरे.

"हे पाह्य," पुंजाजी हातातले दोर दाखवून म्हणे. "हे दोन पेड सारखे. कोणी लहान नाही, कोणी मोठा नाही. 'मी शेतात गेलो' हा एक. 'इंद्रभान घरी राह्यला' हा दुसरा. मधात 'अँड'चा नाही तं 'बट'चा पीळ देल्ला का दोर झाला. हे झालं कंपाउंड."

"आन् कॉम्प्लेक्स?"

"त्यात एक पेड मुख्य, दुसरा बारीक. त्या बारक्याले एकट्याले काही जोर नसते. आता मी तुले म्हटलं, 'जवा पाणी आलं तवा,' आन् गप बसलो. तं तू काय म्हनशीन?"

"म्हनीन, मंग काय झालं ते सांग ना बे."

"हाव! तेच. त्याले मुख्य पेडाचा आधार लागते. आता 'व्हेन' कोठी येते ते तुहं तूच सांग."

इंद्रभान सांगे. कधी बरोबर, बहुतेक वेळा चूक. चूक झाली की पुंजाजी रागावत नसे. तो गावातलीच नवी वाक्यं करून देई. भगवंतराव घोड्यावर बसले. घोडा बसला. आता जोड. अन्नपूर्णाबाई आतून भाकर आणि मिरचीचा ठेचा आणून ठेवी आणि म्हणे, "इतलं बोलता, घसे कसे सुकत नाही रे तुमचे?" पुंजाजीला ते दिवस फार आवडले. स्वतःच्या शाळेत तो पोरांकडून पाढे आणि कविता घोकून घेई. इथं मात्र त्याच्या डोक्यातलं सगळं इंग्रजी दुसऱ्या माणसाच्या डोक्यात उतरत होतं, आणि ते उतरताना त्याला दिसत होतं. आपण जन्माला याच्यासाठीच आलो, असं त्याला वाटू लागलं होतं.

एक गोष्ट मात्र इंद्रभानला काही केल्या साधेना. असं असूनही तसं झालं, हे त्याला इंग्रजीत जोडता येत नसे. तिथं 'दो' शब्द यायला हवा, आणि हा पठ्ठ्या दर वेळी 'बिकॉज' ठोकून मोकळा होई. आजारी होता म्हणून धावला. उपाशी होता म्हणून हसला. पुंजाजीनं हरतऱ्हेची वाक्यं देऊन पाहिली, पण व्यर्थ.

मग एका संध्याकाळी पुंजाजीनं हातातला दोर खाली ठेवला. "तीन वाक्यं देतो," तो म्हणाला. "माह्या बापाले ताप होता. तो शेतात गेला. पाळी त्याच्या मित्राची होती."

इंद्रभाननंही आपला दोर खाली ठेवला.

"चिखलीहून घरी येऊन बापाले अग्नी देल्ला, आन् शाळेतून नाव काढाले परत जाताना रस्त्यानं जोडलं होतं हे. कोणाले सांगितलं नाही. मनकर्णालेही नाही." आणि त्यानं ते इंग्रजीत म्हणून दाखवलं. "दो ही हॅड फीवर, माय फादर वेंट टू द फील्ड, बिकॉज इट वॉज हिज फ्रेंड्स टर्न." ताप असूनही माझा बाप शेतात गेला, कारण पाळी त्याच्या मित्राची होती.

इंद्रभानच्या डोळ्यांत पाणी आलं. तो मित्र म्हणजे त्याचाच बाप ना. "पुंजा," तो म्हणाला, "हे मी मरेलोक विसरणार नाही." आणि खरोखरच, त्या संध्याकाळनंतर 'दो'मध्ये तो पुन्हा चुकला नाही.

मार्चात इंद्रभान परीक्षेला अकोल्याला गेला. पुंजाजीनं शाळा सांभाळून दोन्ही वावरांतला गहू काढला. आधी इंद्रभानचा, मग स्वतःचा. मनकर्णाबाईच्या हाताला फोड आले, पण तिनंही विळा खाली ठेवला नाही. निकाल लागला आणि इंद्रभान पास झाला. गावात गूळ वाटला तो पुंजाजीनं, जणू पास तोच झाला होता. वाटता वाटता तो सांगत होता, "वाक्यं जोडायच्या सवालात त्याचं एकही चुकलं नाही."

आता पाळी याची. पुंजाजीनं पाटी पुसून ठेवली आणि संध्याकाळी इंद्रभानच्या ओट्यावर जाऊन बसला. इंद्रभान घरी नव्हता. दुसऱ्या दिवशी होता, पण डोकं दुखत होतं. मग कोणाचं लग्न निघालं, मग भगवंतरावांकडे काही काम निघालं. पुंजाजी ओट्यावर बसून काकूच्या हातचा चहा पिऊन परत येई. त्याला काही वावगं वाटलं नाही. पास झालेल्या माणसाला चार ठिकाणी बोलावणं असतंच, असं तो मनकर्णाबाईला सांगे.

शाळा उघडायच्या दिवशी भगवंतराव स्वतः शाळेत आले. गावकरी जमले होते. हारांचं ताट दुय्यम मास्तर म्हणून पुंजाजीच्या हातात होतं. भगवंतराव उभे राहून म्हणाले, "गावात आजपासून इंग्रजीचा वर्ग सुरू होऊन राह्यला. आन् मास्तर आणाले बाहेर जायची गरज पडली नाही. आपला इंद्रभान हाये!" मग त्यांनी हारासाठी मागं हात केला. पुंजाजीनं ताट पुढं केलं. भगवंतरावांनी त्यातला हार उचलून इंद्रभानच्या गळ्यात घातला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि ताट एका हातात धरून टाळी कशी वाजवावी हे न कळल्यानं पुंजाजीनं मांडीवर थाप मारली.

त्यानं इंद्रभानला गाठलं ते शाळेच्या मागं.

"अरे, अचानकच झालं रे पुंजा," इंद्रभान त्यानं तोंड उघडायच्या आधीच म्हणाला. "भगवंतराव काल बोलले. खोलीही तयार हाये, पोरंही जमा झाले, आता तूच उभा राह्य म्हने. मले नाही म्हनता आलं नाही. त्याइच्या तोंडावर कोन नाही म्हनते? तूच सांग."

"आन् तहसील?"

"तहसीलीतल्या जागा भरून गेल्या."

"आन् माही पाळी?"

"तुही पाळी कोठी पळून गेली? ये ना संध्याकाळी, शिकवतो गणित. मी सावड मोडली का? सांग, मोडली का?"

यावर पुंजाजीला उत्तर सुचलं नाही. तुम्हाला-मला सुचेल. सावडीत बैल द्यायचा असतो, दुसऱ्याच्या वावरातलं उभं पीक कापून न्यायचं नसतं. पण ही गोष्ट इतकी उघड होती की आजवर गावात ती कोणाला बोलून दाखवायची वेळच आली नव्हती, आणि म्हणून पुंजाजीकडे तिच्यासाठी शब्द नव्हते. त्यानं फक्त इंद्रभानचा एक शब्द उचलला आणि घट्ट धरून ठेवला. अचानक. अचानक झालं. माणूस अडचणीत सापडला, जमीनदारापुढं त्याचं काही चाललं नाही. असं झालं असेल तर राग धरता येतो, पण क्षमाही करता येते. पुंजाजी क्षमा करायला निघाला. गणित शिकायला मात्र तो गेला नाही. शिकून कोणत्या वर्गाचा मास्तर होणार होता?

इंग्रजीचा वर्ग शेजारच्याच खोलीत भरे. मध्ये बांबूचा तट्टा. इकडं पुंजाजीचे पाढे, तिकडं इंद्रभानचं इंग्रजी. पहिले काही महिने एबीसीडी चालली. पण चिखलीच्या शाळेतून परत आलेली चार-सहा मोठी पोरंही त्या वर्गात होती, आणि एका दुपारी त्यांचा वाक्यं जोडायचा धडा सुरू झाला. पुंजाजीला तट्ट्यातून सगळं ऐकू येत होतं. दोन पेड सारखे. बारक्याला जोर नसतो. भगवंतरावांचा घोडा तेवढा नव्हता. त्याची जागा दुसऱ्या कुणाच्या घोड्यानं घेतली होती. पुंजाजीला हसूही आलं. शिकवलेलंच पुढं शिकवणार ना माणूस, असं त्यानं मनाशी म्हटलं.

मग इंद्रभानचा आवाज जरा खाली आला. "आता तीन वाक्यं देतो, पोरहो. हे पुस्तकातले नाही. माह्या बापाले ताप होता. तो शेतात गेला. पाळी त्याच्या मित्राची होती."

एका पोरानं विचारलं, "खरंच, मास्तर?"

"खरंच. माहा बाप तसाच होता."

आणि सगळा वर्ग एका सुरात म्हणू लागला. दो ही हॅड फीवर, माय फादर वेंट टू द फील्ड. पुन्हा. दो ही हॅड फीवर. पुन्हा. पुंजाजीच्या समोरची पोरं सातचा पाढा म्हणायची थांबली होती आणि तोंड उघडं टाकून तट्ट्याकडे बघत होती. त्यांना काही कळत नव्हतं, फक्त सूर आवडला होता. पुंजाजी खुर्ची धरून उभा राहिला. त्याला वाटलं, तट्टा लाथ मारून पाडावा आणि सांगावं, तापात मेला तो माझा बाप होता रे, याचा नव्हता. तो काही गेला नाही. भर वर्गात मास्तरानं मास्तराची अब्रू काढायची नाही, हेही त्याला लहानपणापासून कुणीतरी शिकवलेलं होतं.

त्या रात्री त्यानं मनकर्णाबाईला सगळं सांगितलं. ते वाक्यही सांगितलं, पहिल्यांदा. तिनं डोळ्यांना पदर लावला आणि मग पदर कमरेला खोचला. "सावड मोडा," ती म्हणाली. "आपला बैल त्याच्या जुवाखाली नको."

"वावर काकूचं हाये."

"काकूचं पोट काय, आन् त्याचं पोट काय?"

"काकूनं काय केलं माहं?" पुंजाजी म्हणाला. "तिले मधात आणू नको."

दसरा झाला आणि रब्बीच्या पेरण्या लागल्या. यंदा आधी इंद्रभानच्या वावराची पाळी. सगळं गाव बघत होतं, पुंजाजीचा बैल त्या दारात जातो की नाही. इंद्रभान तर गावात नव्हताच. वर्गाला सरकारी मान्यता मिळावी म्हणून तो भगवंतरावांबरोबर बुलढाण्याला गेला होता, आणि जाताना कुणाला काही सांगूनही गेला नव्हता. सांगायचं काय? सावड आहे, बैल येईलच.

आणि बैल आला. रविवारची सकाळ होती. पुंजाजीनं दोन्ही बैल जुंपले, तिफण धरली, आणि अन्नपूर्णाबाई कमरेला बियाण्याची ओटी बांधून मागं चालू लागली. तिची मूठ चाड्यावर, तिफणीच्या बियाणं सोडायच्या तोंडावर, नेमकी सुटत होती. काळ्या मातीत ओल चांगली होती, तिफणीचे तास एकामागून एक सरळ पडत होते, आणि चालता चालता पुंजाजीच्या छातीवरचं ओझं बऱ्याच दिवसांनी हलकं झालं. एक माणूस वाईट निघाला म्हणून काय झालं, सगळं घर काही तसं नसतं. काकू होती, वावर होतं, आजोबांपासूनची पाळी होती. एवढं तरी आपल्याकडे शाबूत आहे, असं त्याला वाटलं आणि त्यानं बैलाला हाक दिली.

अर्धं वावर झाल्यावर ती दोघं बांधावरच्या कडुलिंबाखाली बसली. अन्नपूर्णाबाईनं भाकरीचं फडकं सोडलं, त्याच्या हातावर भाकर ठेवली, वर झुणका दिला. तिच्या मनात काहीतरी घोळत होतं.

"पुंजा, त्याच्यावर राग धरू नको बाप्पा."

"राग नाही, काकू," पुंजाजी म्हणाला, आणि त्या घडीला ते खरंच होतं. "त्याच्या तरी हातात काय होतं? भगवंतरावनं अचानक गळ्यात घातलं."

"अचानक कायचं?" ती साधेपणानं म्हणाली. "त्याइनं तं गुदस्ताच्या अखाजीलेच शब्द देल्ला होता. आमरसाले बोलावलं होतं घरी. म्हने, तू फक्त मॅट्रिक करून ये इंद्रभान, वर्ग तुहा."

पुंजाजीचा घास तोंडातच राहिला. गुदस्ताची, म्हणजे मागच्या सालची अखाजी. ती झाल्यावर, जेठात, विहिरीवर बैलांना पाणी दाखवताना इंद्रभान म्हणाला होता, शिक्षणाची सावड करू. तू गावात इंग्रजीचा मास्तर. म्हणजे विहिरीवर तो शब्द तोंडातून काढला तेव्हाच त्याला माहीत होतं. दोर वळताना माहीत होतं. डोळ्यांत पाणी आलं तेव्हाही माहीत होतं.

"तुमाले हे तवाच माहीत होतं, काकू?"

"घरातलं बोलणं, मले कसं माहीत नसन?" तिनं खाली बघितलं आणि फडक्याची गाठ उगाच चाचपली. "किती डाव ओठावर आलं. तू ओट्यावर भाकर खात बसला असला का वाटे, सांगून टाकाव. पण मायचा जीव हाये, बाप्पा. सांगितलं असतं, तं तू त्याले शिकवलं असतं का?"

ती खरोखरच उत्तर मागत होती.

"शिकवलं असतं, काकू," तो म्हणाला.

आणि ते खरं होतं. इंद्रभाननं विहिरीवर सरळ सांगितलं असतं, पुंजा, वर्ग मला मिळतोय, मला पास कर, तर पुंजाजी एक दिवस जेवला नसता, दोन दिवस बोलला नसता, आणि तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला अंबाडी घेऊन त्याच ओट्यावर जाऊन बसला असता. त्याला स्वतःबद्दल एवढं पक्कं माहीत होतं. फक्त या दोघांना ते माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्यानं ज्यांच्या ताटातली भाकर खाल्ली, त्यांना तो कोण आहे हे एवढंसुद्धा कळलं नव्हतं, आणि हे त्याला वर्ग गेल्यापेक्षा, बाप चोरल्यापेक्षाही जास्त लागलं. त्याला मोठ्यानं रडावंसं वाटलं. रडू आलं नाही.

त्यानं हातातली भाकर परत फडक्यावर ठेवली. उठला, बैलांकडे गेला आणि आपल्या बैलाच्या गळ्यातलं जोतं, त्याला जुवाशी बांधणारा पट्टा, सोडलं. एका बाजूनं जू खाली कललं. इंद्रभानचा बैल मान वाकडी करून तसाच उभा राहिला.

"पुंजा!" अन्नपूर्णाबाई ओटीतलं बियाणं सावरत धावत आली. "अरे, अर्धं वावर राह्यलं! ओल उडून जाईन रे! तुह्या वावराची पेर कशी करशीन मंग? कोनाचा बैल आणशीन?"

पुंजाजीनं कासरा हाताला गुंडाळला. तिचे पाय त्यानं नेहमीसारखे वाकून शिवले, कारण ती वयानं मोठी होती, आणि बैल घेऊन बांधाबांधानं गावाकडे निघाला. ती मागून हाका मारत होती. पहिल्या दोन-तीन हाका त्याला ऐकू आल्या.

त्या साली पुंजाजीचं वावर पडीक राहिलं. कोणी विचारलं तर तो सांगे, सावड मोडली. कोणी मोडली, हे त्यानं गावात कोणालाच सांगितलं नाही. गावानं आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं की पेरणी अर्ध्यावर टाकून बैल सोडून गेला तो पुंजाजी, म्हणून गाव आजही त्यालाच दोष देतं.